झीलकऱ्याविना आठ गाणी

९ जानेवारी १९७२

तबकडी कंपनीच्या दस्तूरसाहेबांनी लोणावळ्याच्या बंगल्यावर बोलावलं होतं. म्हणाले, "मास्तर, आठ गाणी. तुमचे शब्द, तुमची चाल, तुमचाच आवाज. मागे कोणी नको!" मोठी तबकडी काढणार म्हणे. इंदुरीच्या शाळामास्तराची तबकडी! चढलो हरभऱ्याच्या झाडावर आणि हो म्हणून आलो.

'मागे कोणी नको' हे गाडीत बसल्यावर टोचलं. वीस वर्षं माझ्या मागे कोंडाजी उभा आहे. मी ओळ म्हणायची, त्याने तिच्यातला शब्द उचलून मागून झील धरायची. दिवाळीत त्याचं उजवं अंग लुळं पडलं, वाचाही गेली. तेव्हापासून तोंडातून एक शब्द नाही.

११ जानेवारी

कोंडाजीला सांगायला गेलो आणि थंडीच्या गप्पा मारून परत आलो. भित्रा!

१३ जानेवारी

शेवटी त्याच्या बायकोनेच, अंबूबाईंनी, विषय काढला. "समद्या गावाला ठावं हाय मास्तर, आमालाच तेवढं सांगंनात व्हय? गा तुमी. त्यांची वाचा गेली म्हनून तुमी मुकं बसू नगा." कोंडाजी भिंतीकडे तोंड करून पडला होता. झोपला नव्हता. मला कळतं ते.

२३ जानेवारी

बंगल्यावर आठही गाणी गाऊन झाली. साहेबांनी टेप लावली आणि कपाळाला हात लावला. प्रत्येक ओळीनंतर मी गप्प! एकतारी चालू, माणूस गायब! "मास्तर, इथे तुम्हाला होतं काय?" मला गाताना पत्ताच नव्हता. झिलेची जागा सोडत होतो. पुन्हा गायलो — पुन्हा तेच. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही.

साहेब म्हणाले, मधली टेप ब्लेडने कापून जोडतो. कापा म्हटलं.

२ फेब्रुवारी

डॉक्टर म्हणाले, वाचा परत येणं कठीण. अंबूबाई रडल्या नाहीत. मीच रडलो.

१६ एप्रिल

तबकडी आली. पाकिटावर माझा एकट्याचा फोटो, टोपी वाकडी. साहेबांनी बॅटरीवर चालणारा प्लेअरही आठवडाभर दिलाय. घरी लावून ऐकली. आवाज बरा लागलाय, पण कुत्रं मागे लागल्यासारखा धावत सुटलोय. कुठे थांबणं म्हणून नाही.

कोंडाजीला कशी ऐकवू? त्याच्यासाठी तसूभर जागा ठेवली नाही मी. लोक शाबासकी देतायत आणि मला माझ्या मागे तोच हवाय. दुसरं काही नकोय.

१८ एप्रिल

"आना की हितं, ऐकूंद्या त्यांनाबी," अंबूबाईंचा निरोप. नेली. त्याला भिंतीला टेकवून बसवलं, प्लेअर मांडीशी ठेवला.

"इंद्रायणी बाई, घे हळू वळण —" एवढी ओळ झाली आणि कोंडाजीचा डावा हात सुईच्या दांडीवर गेला. मला वाटलं, बंद करतोय. माझं तोंडच उतरलं. त्याने दांडी उचलली, तशीच वर धरली. माझ्याकडे बघितलं. ओठ दोनदा हलले.

"हळू गं... हळू."

झील धरली त्याने! त्याने दांडी परत ठेवली. सुई भलत्याच ओळीवर पडली. तिथलीही झील त्याला येत होती.