आजोबांचे एकशेतीस

अ‍ॅमस्टरडॅम झुइडओस्ट
१९ एप्रिल २०२५

तीर्थरूप बाबा,

कमरेत वाकून नमस्कार. व्हिडिओवर हात हलवते तो धरू नका, तो नमस्कार नव्हेच.

आम्ही तिघंही ठीक. तुमच्या जावयाचा, गंधारचा, खोकला एकदाचा गेला. माझं ऑफिस आहे तिथेच, स्लोटरडाइकला, आणि बॉसही आहे तसाच. इथे जरा ऊन पडलं की लोक अंगात कोट घालून आइस्क्रीम खायला बाहेर बसतात, त्यावरून वसंत आला असं समजायचं. तुम्ही पाठवलेली हळद आणि बेदाणे मिळाले. हळद मी लपवून ठेवलीय. बेदाणे तुमची नात वल्लरी सरावाला जाताना खिसे भरभरून नेते आणि अख्ख्या टीमला वाटते. सांगलीच्या बेदाण्यांची चटक आता डच पोरांना लागलीय.

फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणालच. एक तर फोनवर वल्लरी माझ्या खांद्याला खेटून बसलेली असते. दुसरं, तुम्हाला ऐकू कमी येतं म्हणून आपण बापलेक इतकं ओरडून बोलतो की आपलं गुपित दोन्ही देशांतल्या शेजाऱ्यांना कळावं. माझ्या ऑफिसातली प्रांजली परवा पुण्याला निघालीय. तिच्या बॅगेत हे पाकीट देते, ती तिथून कुरिअर करेल. वल्लरीला याचा पत्ता नाही. लागू देऊ नका.

आधी तिच्या खेळाचं सांगते. तुम्ही त्याला अजून ‘ते दांडूचं काहीतरी’ म्हणता. बेसबॉलला इथे होंकबल म्हणतात. त्यातला पिचर म्हणजे आपला बोलर समजा, पण त्याला रनअप नाही. एका पट्टीवर पाय रोवायचा आणि तिथूनच, कोपर वाकवून, टप्पा न पाडता चेंडू फेकायचा. तुमच्या भाषेत सरळसरळ फेकी गोलंदाजी, आणि ती इथे नियमात बसते. मुलींना बहुतेक सॉफ्टबॉलकडे पाठवतात. वल्लरी गेली नाही. पंधराव्या वर्षी ती मुलांच्या टीममध्ये खेळते आणि त्यातली निम्मी पोरं तिच्या चेंडूला वचकून असतात. मेच्या अखेरीस देशाच्या मुलींच्या संघासाठी निवड चाचणी आहे. तिचं नाव गेलंय.

हे सगळं तुम्हाला माहीत आहे. मी विषयाभोवती पिंगा घालतेय हे मलाही कळतंय.

फेब्रुवारीतला तो फोन आठवतो? वल्लरी बूटही न काढता पळत आली होती. “आजोबा, कैक! लुक! सिक्स्टी-एट!” क्लबात त्या दिवशी पहिल्यांदा वेग मोजला होता. तुम्ही म्हणालात, “अडुसष्ट? अगं, अडुसष्टने तर आमचा यष्टिरक्षक चेंडू परत द्यायचा! मी एकशेतीस टाकायचो, एकशेतीस!” आपण सगळे हसलो. तीही हसली, म्हणून मी भाजी परतायला गेले.

मार्चमध्ये एका संध्याकाळी मी मेट्रोतून उतरले तर जिन्याखालून धप्प, धप्प असा आवाज. इथली मेट्रो खांबांवरून जाते, खाली सगळं काँक्रीट. पाहते तर वल्लरी. सराव संपवून घरी यायचं सोडून खांबावर चेंडू मारत होती. पुन्हा उचलायची, पुन्हा मारायची. प्रत्येक वेळी फेकून झालं की डाव्या हाताने उजवं कोपर धरायची. मी हाक मारली तर हात चटकन खाली. “निक्स, आई. नथिंग.”

मग हाउसआर्ट्स, म्हणजे आपला फॅमिली डॉक्टर. त्यांनी नेहमीप्रमाणे पॅरासिटामॉल सांगितली. दोन आठवड्यांनी ग्लास उचलताना तिच्या हातून सुटला तेव्हा मी दवाखान्यात ठाण मांडून बसले आणि तज्ज्ञाकडे जायची चिठ्ठी घेऊनच उठले. एमआरआय झाला. कोपराच्या आतल्या बाजूला हाडाला हाड बांधणारी एक छोटी पट्टी असते, लिगामेंट. तिची ती अर्धवट फाटलीय.

लिहिलं एकदाचं. आता पुढचं लिहिता येईल.

येताना गाडीत मी चिडून विचारलं, एवढा जीव कशाला काढत होतीस? ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, “आजोबा डिड वन-थर्टी.”

बाबा, इथलं वेग मोजायचं यंत्र अमेरिकन आहे. ते मैल दाखवतं. तिचे अडुसष्ट म्हणजे आपले एकशेनऊ किलोमीटर, आणि पंधरा वर्षांच्या मुलीसाठी ते भारीच आहेत. तुम्ही किलोमीटरवाले, म्हणून तुम्हाला हसू आलं. आणि तुमचे एकशेतीस तिने मैल धरले. जगात बेसबॉलमध्ये आजवर मोजलेला सगळ्यात वेगवान चेंडू एकशेसहा मैलांच्या आतला आहे. पंधरा वर्षं होत आली, त्याच्या पुढे कोणी गेलेलं नाही. आणि माझी पोर क्लबात सांगत होती की तिच्या आजोबांनी एकशेतीस टाकलेत. पोरं हसली तर त्यांच्याशी भांडली. तिला मनापासून वाटतं की मर्यादा बाकीच्यांना असते, आपल्या रक्ताला नाही.

सांगलीत तेव्हा वेग मोजायचं यंत्र तरी कुठे होतं, बाबा?

इथली फिजिओ फार छान समजावते. ती म्हणाली, स्नायू व्यायामाने हवे तेवढे वाढवता येतात, ही पट्टी तशी वाढत नाही. नुसती पट्टी काढून प्रयोगशाळेत ताणली तर एका जोरदार पिचच्या ताणाच्या आधीच ती तुटते. मग खेळाडूंची रोज का तुटत नाही? कारण आजूबाजूचे स्नायू भार वाटून घेतात. ते थकले की सगळं त्या एवढ्याशा पट्टीवर येतं. म्हणून जगातला वेग तिथेच अडलाय. जोर कमी पडत नाही, ती पट्टी कमी पडते. वल्लरी दमलेल्या हाताने, एकटीच, खांबावर चेंडू मारत होती. आता तीन-चार महिने चेंडूला हात लावायचा नाही. लावला तर पूर्ण तुटेल, मग ऑपरेशन, आणि पुन्हा हा वेग येईल याची खात्री कोणी देत नाही.

ती ऐकत नाही. चाचणी देणारच म्हणते. क्लबला मी एका फोनवर सांगून तिचं नाव काढू शकते, पण मग ती पुन्हा त्या खांबाशी जाईल. तिथे तिला कोण अडवणार? मी थांब म्हटलं की म्हणते, “आई, यू नेव्हर थ्रू अ बॉल.” हे मात्र खरं आहे.

तुम्ही टाकलेत.

माझ्या लग्नात तुम्ही अक्षता डाव्या हाताने टाकल्यात. भर मांडवात कोणीतरी ओरडलं, “अरे देवदत्ता, उजव्या हाताने टाक!” तुम्ही म्हणालात, “आता डावराच झालोय.” सगळे हसले. आपल्याकडे तुम्ही काही म्हणालात की सगळे हसतात. फडताळातला वरचा डबा तुम्ही काठीने पुढे ओढता. केस डाव्या हाताने विंचरता. कोणी विचारलं की नोकरी लागली म्हणून क्रिकेट सुटलं असं सांगता. कुमुदिनी आत्याने मला गेल्या दिवाळीत खरं सांगितलं: तेविसाव्या वर्षी, एका उन्हाळ्यात, खांद्याला पट्ट्या बांधून मॅटिंगच्या खेळपट्टीवर दिवसदिवस एका टोकाने टाकत राहिलात, कारण कॅप्टन म्हणाला, तू एक्स्प्रेस आहेस. त्यानंतर पाण्याचा तांब्यासुद्धा तुम्हाला उजव्या हाताने उचलवेना.

तिला हे मी सांगू शकते. मैलांचा हिशोबही. पण माझ्या तोंडून ती आईची कटकट होईल. तुम्ही सांगा. एकशेतीस किलोमीटर होते, आणि तेही अंदाजाने, हे सांगा. खांद्याचं सांगा. पन्नास वर्षं तुम्ही जे झाकलंत ते एका पोरीसमोर उघडं करायला सांगतेय, आणि मला त्याची लाज वाटत नाही. चाचणीच्या आत सांगा.

तुमच्यावर चिडलेली, तरी तुमच्याच भरवशावर बसलेली,
मंजूषा


अ‍ॅमस्टरडॅम झुइडओस्ट
८ जून २०२५

तीर्थरूप बाबा,

नमस्कार. या खेपेला जरा जास्त खाली वाकून.

हे पत्रही फोन टाळूनच लिहितेय, कारण त्या रविवारी तुम्हाला फक्त एवढंच दिसलं असेल की वल्लरी उठली आणि स्क्रीनमधून निघून गेली. त्यानंतर तुमचा आवाज पडलेला आहे. रोज “ती कशी आहे” विचारता आणि उत्तर न ऐकता हवेबद्दल बोलता. पुढचं काय झालं ते तुम्हाला कळायला हवं.

तुम्ही इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बसला होतात. मी तेव्हाच समजले. इंग्रजीत बोललात, तिला एकही शब्द चुकू नये म्हणून. “वल्लरी, माय वन-थर्टी इज किलोमीटर. एटी-वन माइल. अँड नोबडी मेजर्ड. आय मेजर्ड. इन माय हेड.” मग उठून उभे राहिलात आणि म्हणालात, “नाऊ सी.” तुमचा उजवा हात खांद्यापर्यंत आला आणि अडला. तुम्ही आणखी जोर लावलात, चेहरा वेडावाकडा झाला, पण हात तिथेच. शेवटी डाव्या हाताने त्याला खाली ठेवलंत. बाबा, मी मागायला मागितलं होतं, पण बघवलं नाही मला.

ती बाल्कनीत गेली. मी मागोमाग गेले तर म्हणाली, “लाट मे!” म्हणजे मला एकटं सोड. खूप रागावली होती. तुमच्यावर, खोटा आकडा सांगितला म्हणून. माझ्यावर, मला माहीत होतं म्हणून. दोन दिवस जेवणाच्या टेबलावर फक्त चमच्यांचे आवाज. गंधार बिचारा एकटाच विनोद करत बसला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती घरी नव्हती. मी चपला अडकवून धावत मेट्रोच्या खांबांशी गेले. तिथे कोणी नव्हतं.

ती सायकल काढून क्लबात गेली होती. कोचना तिने स्वतः सांगितलं. कोच क्युरासाओ बेटावरचे आहेत, मुळातच कमी बोलतात. त्यांनी नुसती आपली बाही वर केली आणि कोपरावरचा ऑपरेशनचा व्रण दाखवला. ती मला म्हणाली, “आई, एव्हरीबडी हॅज वन. नोबडी टेल्स.”

चाचणीच्या दिवशी मी म्हटलं, जायला नको, उगाच जीव जळेल. तिने बूट बांधायला घेतले. डाव्या हाताने बांधायचा हट्ट, मला हात लावू दिला नाही. मैदानावर कोचनी वेग मोजायचं यंत्र तिच्याकडे दिलं. सबंध दुपार ती जाळीमागे उभी राहून दुसऱ्या मुलींचे आकडे ओरडून सांगत होती. एक मुलगी हिच्याहून बरीच हळू टाकत होती, ती निवडली गेली. वल्लरीने तिचा आकडाही नीट, खणखणीत सांगितला. मी कठड्याशी उभी राहून रडले, आणि बेदाण्यांची पिशवी घेऊन आले होते ती तशीच हातात राहिली.

ती रडली नाही. परतताना म्हणाली, मार्चमध्ये नवा हंगाम, मग परत चाचणी, तोवर पाय आणि पाठ तयार करणार, म्हणजे हाताला एकट्याला करावं लागणार नाही. फिजिओने दिलेले व्यायाम आता रोज चालतात. आमच्या बैठकीत पाय ठेवायला जागा नाही, सगळीकडे रबराचे पट्टे लोंबतात. पाहुणे आले की गंधार सांगतो, वाळवण घातलंय. सुधारतंय, असं फिजिओ म्हणते. खात्री अजूनही नाही. ऑपरेशन कदाचित टळेल, कदाचित नाही. ती मात्र परत टाकणार आहे, याबद्दल तिला शंका नाही, आणि आता मलाही नाही.

काल कोपराला बर्फ लावून घ्यायला ती आपणहून माझ्याशेजारी येऊन बसली. मग तिने विचारलं, आणि मराठीत विचारलं, शब्द जुळवत जुळवत: “आजोबांना कोणीच थांब नाही म्हटलं?”

मी आठवून पाहिलं. आत्याने सांगितलेल्या त्या सगळ्या गोष्टीत कॅप्टन होता, टाळ्या होत्या, एक्स्प्रेस म्हणणारी माणसं होती. थांब म्हणणारं कोणी नव्हतं. मी तिला म्हटलं, नाही, कोणीच नाही.

तिने बर्फाची पिशवी स्वतःच सारखी केली आणि म्हणाली, “मग त्यांना सांग, मी थांबलेय. पण फक्त मार्चपर्यंत.”

तिने सांगितलं तसंच, शब्दही न बदलता, कळवतेय. तिच्या शाळेच्या ऑक्टोबरच्या सुट्टीत, दिवाळीच्या तोंडावर, आम्ही येतोय. अक्षता नाहीत, मांडव नाही, तरी तुम्ही तिच्या डोक्यावर हात ठेवा, डावा ठेवलात तरी चालेल. ती खाली वाकेल, उजवा पोचेल इतकी.

तुम्हाला थांबवायला कोणी नव्हतं, बाबा. तिला तुम्ही होतात.

तुमची,
मंजू