आईचा निरोप

प्रिय बाबा,

तुमच्या दमलेल्या लेकीचा नमस्कार. काळजी करू नका, जेवते वेळेवर. नुसतं ऐकूनही माणूस थकतो, एवढंच.

समुपदेशन म्हणजे मी करते तरी काय, असं तुम्ही विचारलंत. आज एक नवरा-बायको आले होते. एकाच सोफ्यावर बसून दोघंही माझ्याशीच बोलत होते. "हिला सांगा." "ह्यांना विचारा." शेवटी मी माझी खुर्ची उचलली आणि त्यांच्या पाठीमागे जाऊन बसले. मग तो तिच्याकडे वळून म्हणाला, "तुला थंडी वाजतेय का?" ती म्हणाली, "केव्हाची."

फोनवर आई मला विचारते, ह्यांनी गोळी घेतली का. तुम्ही विचारता, हिचा गुडघा बरा आहे का. तुमच्या दोघांत एक भिंत, आणि निरोप मात्र समुद्र ओलांडून माझ्याकडे. शाळेत होते तेव्हापासून हे टपाल वाहतेय, बाबा. आता हात दुखतात.

परवा आईने तुमच्यासाठी एक निरोप दिलाय. चांगला आहे, पण तो मी इथे लिहिणार नाही. ती पलीकडच्या खोलीत असेल.

तुम्हा दोघांची,
धाकटी