साहेबासाठी चार ओळी

दुखान, कतार, ७ ऑक्टो. ७६
माधव ऑफिसातून आला तो बूट न काढताच माझ्यासमोर बसला. त्याचा इंग्रज साहेब कायमचा विलायतेला चाललाय. पुढच्या गुरुवारी क्लबात निरोप. "आई, तू चार ओळी लिही. तू मराठीत वाच, मी इंग्रजीत सांगेन."
म्हटलं, मी लिहिणं सोडलंय. हे गेल्यापासून एक ओळ नाही, त्याला ठाऊक आहे.
"कंपनी आता सरकारकडे जातेय. कुणाला ठेवायचं ते साहेब जाण्याआधी लिहून देणार. तो गेला की खलास."
साहेबावर कविता. मी.

९ ऑक्टो.
परत तोच विषय. बेचाळीसला माझ्या गाण्यांवरून मला पकडलं ते या साहेबाच्याच लोकांनी, म्हटलं. तर शांतपणे म्हणाला, "तेव्हा मी चार वर्षांचा होतो. मला मावशीकडे टाकून गेलीस. सुटून आलीस तेव्हा मी तुला ओळखलं नाही. त्यावर मी कधी काही बोललोय?"
नाही बोलला. आज पहिल्यांदाच.
सूनबाई ताटं उचलून आत गेली.
लिहिते म्हटलं.

११ ऑक्टो.
काही सुचत नाही. जुनी यमकंच येतात, शृंखला, ज्वाला. त्या वेळी लोक रडायचे ऐकून.
संध्याकाळी फिरायला गेले तर साहेब दिसला. रोज दिसतो. न्हाणीतलं पाणी बादलीने आणून आपल्या फाटकाजवळच्या कडुनिंबाला घालतो. एवढं झाड आमच्या क्वार्टरांच्या बाजूला एक नाही.

१२ ऑक्टो.
मेथी निवडताना आली. सबंध. जुडी तशीच टाकून उठले.

सावलीला काय ठावे
पाणी घालणाऱ्याचे गाव

पुढच्याही ओळी अशाच सरळ. दिवसभर पुटपुटत होते. इतकी चांगली कविता मला झाली नव्हती, तुरुंगातसुद्धा नाही.
देवापाशी दिवा लावायला गेले नि लाज वाटली. वाईट झाली असती तर बरं होतं. मुलासाठी केली म्हणता आलं असतं.

१५ ऑक्टो., शुक्रवार
काल वाचली. क्लबात थंडी फार, एसीची. टाळ्या. मग मा. इंग्रजीत बोलला, माझ्या ओळींपेक्षा बरंच लांब. साहेब उठून माझ्यापाशी आला. डोळे ओले, माझा हात दोन्ही हातांत. काहीतरी विचारलं. मा. मला म्हणाला, "विचारताहेत, पूर्वीपासून लिहिता का." नि उत्तरही त्यानेच दिलं. मी मान हलवली.
आज सूनबाईला विचारलं, काय सांगितलं गं त्याने? ती चकलीची भाजणी चाळत होती. चाळतच राहिली.
"तुमच्या लोकांनी आम्हाला शहाणं केलं, आम्ही कायमचे ऋणी, असं."
"आणि नंतर?"
"आई देवाची भजनं लिहिते, म्हणाले." मग, "तुम्हाला कळलं नसेल म्हणून मी काही..."
'गॉड' एवढा शब्द मला कळतो. कळूनच मान हलवली होती.

१७ ऑक्टो.
साहेब निरोप घ्यायला घरी आला. सूनबाई दोह्याला खरेदीला गेलेली. मा. नि मीच. चहा झाला. मा.बद्दल लिहून दिलं असावं, दोघे हसत होते. तो उठला तशी मीही उठले. बोलायचं ठरवलं नव्हतं.
"नो गॉड. माय पोएम. ब्रिटिश. जेल. वन इयर." मनगटं जोडून दाखवली.
मा. म्हणाला, "आई, बस."
साहेबच बसला परत. माझ्याकडे बघत सावकाश बोलू लागला. बराच वेळ. मध्येच थांबला, टोपी एका गुडघ्यावरून दुसऱ्यावर ठेवली, परत बोलला. मला 'माय फादर', 'इंडिया' नि परत 'जेल' एवढंच कळलं. मग माझ्यापुढे किंचित वाकून गेला. हात पुढे केला नाही.
मा. गाडीपर्यंत जाऊन आला.
"काय म्हणाला?"
"काही नाही."
"माधव."
"काही नाही म्हटलं ना, आई."
तेव्हापासून बाहेर उन्हात उभा आहे. सूनबाईही यायची आहे अजून. पानं मांडून ठेवलीत. मीच जेवायला बोलवायला हवं त्याला, पण साहेबासमोर त्याला खोटं पाडून आता कोणत्या तोंडाने