कपाळावरचा वळ

मंगळवार, दिवेलागणीची वेळ

कपाळावरचा पट्ट्याचा वळ साबणानं घासूनही गेला नाही. आज शेठनं कारखान्यात माझ्या डोक्याले कॅमेरा बांधला. नागपूरहून आलेली मॅडम म्हणे, "काका, रोजच्यासारखा पाणी भरायचा पितळेचा गुंड ठोका. तुमचे हात पाहून मशीन शिकेल."

मशीन शिकेल! मंग मी तिथून उठलो काहून नाही? उलट फुशारकीनं हातोडीखाली असा गुंड मठारला, की माझा बापही खूश झाला असता. काठाजवळचा ठोका मॅडमले नीट दिसला नाही, तर मीच म्हणलं, "थांबा, पुन्हा दाखवतो." शेठ बाजूले हसून राहिला होता. त्याचा राग येते. पण माझा मलेच जास्त येते.

घरी आलो तर माझी पोरगी सुषमा वळ पाहून म्हणे, "बाबा, कपाळाले काय लागलं?" मी साबण घेऊन मोरीत गेलो. लहान असताना हिनंच हातोडी उचलली होती. "मलेही शिकवा ना," म्हणे. मी हातोडी हिसकून घेतली. पोरीचं काम नाही म्हणलं.

तिले एकदाही नाही दाखवलं. अन् आज मशीनले दोनदा दाखवलं.