तेरा किलोमीटर अलीकडे

प्रिय सूनबाई,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे बरे आहेत. तुझे सासरे त्यांच्या पुस्तकांच्या याद्या करत बसलेत आणि मी गॅरेजमध्ये खोक्यावर कागद ठेवून लिहिते आहे. फोनवर मला नीट बोलता येत नाही. बोलायला जाते एक आणि तोंडातून निघतं भलतंच, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

गेले पंधरा दिवस मी गाडीच्या बॅटरीची पेटी उघडून बसले आहे. चोवीस सेल, त्यांच्यामधल्या तांब्याच्या पट्ट्या, प्रत्येकावरून निघालेली एकेक बारीक वायर. ही पेटी मी स्वतः भरली, तेव्हा आत हात कसा घालायचा याचा विचारच केला नव्हता. सतराव्या सेलपर्यंत पोचायला आधीचे आठ काढावे लागतात. ते काढायला वरची चौकट काढावी लागते, आणि चौकटीचा एक बोल्ट असा बसलाय की पाना अर्धा वळसा फिरतो आणि पत्र्याला अडतो. तीन दिवस त्या एका बोल्टात गेले. हे दारात येऊन म्हणाले, "ज्याने बसवला त्याला बोलाव." त्यांना विनोद करायचा होता. मी पाना आपटला आणि आत निघून गेले.

तुला वाटेल, ही बाई आपल्याला बोल्टांची रडगाणी का ऐकवते आहे. ऐक थोडं. दुसरं कुणी ऐकणारं नाही. तुझ्या नवऱ्याला गाडी चालवायला आवडते, ती का चालते यात त्याला कधी रस नव्हता. लहानपणी तो खेळण्यातली मोटारसुद्धा उघडून बघत नसे. वर्षभर खपून मी त्या जुन्या गाडीचं इंजिन उतरवलं आणि त्या जागी मोटर बसवली, तेव्हा त्याने एकच प्रश्न विचारला होता, "आई, आवाज येणार नाही तर मजा काय?" वीज कार्यालयात अठ्ठावीस वर्षं मी मीटर तपासले. लोक तक्रार घेऊन यायचे की मीटर पळतो, बिल जास्त येतं, आणि मी मीटर बाकावर लावून त्यांना दाखवायची की मीटर बरोबर आहे, तुमच्याच घरात काहीतरी वीज खातंय. शंभरातले नव्वद जण ते न मानताच घरी जायचे. मला त्यांचा राग यायचा. समोर आकडा दिसत असताना माणूस तो मानत कसा नाही, असं वाटायचं.

निवृत्त झाल्यावर ही गाडी म्हणजे माझं सगळं होतं. पहिल्या वर्षी एका चार्जमध्ये एकशे बारा किलोमीटर जायची. भिंतीतल्या सॉकेटमधून चौदा युनिट घ्यायची, म्हणजे युनिटला आठ किलोमीटर. प्रत्येक फेरीचा आकडा मी वहीत मांडून ठेवला आहे. मग कधीतरी एकशे बाराचे शंभर झाले, शंभराचे नव्वद. मी टायरमध्ये हवा वाढवली. ब्रेक घासतात का पाहायला चारही चाकं उचलून हाताने फिरवली. ग्रीस बदललं. मागची सीट काढली, जास्तीचं चाक काढलं. यांना म्हटलं, तुम्ही पुढे बसता तेव्हा पुस्तकांची पिशवी घरी ठेवत चला. ते एक महिना माझ्याशी नीट बोलले नाहीत. आकडा घसरतच राहिला, ऐंशीवर आला.

आणि मग तू आलीस. पहिल्यांदा घरी आलीस त्या दिवशी चहा होईपर्यंत तू गॅरेजमध्ये गेलीस, आणि मला इतका आनंद झाला की मी कप तसाच ठेवून तुझ्यामागे आले. बॅटऱ्यांच्या कारखान्यात काम करणारी मुलगी माझ्या घरात येते आहे, मला बोलायला माणूस मिळणार. तू वही मागितलीस. उभ्याउभ्याच चार पानं उलटलीस आणि म्हणालीस, "आई, युनिटला आठ किलोमीटर तर अजूनही मिळतातच की. गाडी जास्त खात नाहीये. बॅटरीत मावतच कमी आहे." मग तू एकेका सेलचा आकडा दाखवणारा तो छोटा पडदा चालू केलास, मला गाडी थोडी पुढेमागे करायला सांगितलंस आणि म्हणालीस, "सतरा नंबर. बाकीचे ठीक आहेत. हा एकटा आधी खाली येतो आणि सगळ्यांना थांबवतो."

दोन मिनिटं लागली तुला. मी दीड वर्ष टायर, ब्रेक आणि नवऱ्याच्या पिशवीच्या मागे होते, आणि उत्तर माझ्या वहीत, माझ्या अक्षरात, पानापानावर लिहिलेलं होतं. भिंतीतून चौदाच्या जागी दहा युनिट जात होते. ते मी स्वतः लिहीत होते आणि मला दिसत नव्हतं. ज्या बाईने आयुष्यभर लोकांना आकडे दाखवले, तिला.

तू चांगलंच बोलत होतीस. म्हणालीस, "रविवारी मी टेस्टर घेऊन येते, आपण दोघी मिळून तो सेल बदलू. तोवर साठ किलोमीटरच्या पुढे जाऊ नका." आणि मी काय म्हटलं ते तुझ्या लक्षात असणारच. मी म्हटलं, "तुमच्याकडे कारखान्यात एका बॅटरीला दहा माणसं असतील. इथे मी एकटीने केलंय. माझी गाडी मी तपासायला ठेवलेली नाही." तुझा नवरा दारात उभा होता. तू पडदा बंद केलास, वही जागेवर ठेवलीस आणि हात पुसलेस. चहाच्या वेळी तू यांच्याशी पुस्तकांवर बोलत राहिलीस.

तुम्ही जाताच मी ठरवलं की तुला खोटं ठरवायचं. कसं ते ऐक, म्हणजे तुला हसू तरी येईल. मी पहाटे उठून गावाबाहेरच्या सपाट रस्त्यावर पन्नासच्या वेगाने गोल गोल फिरत राहिले. ट्रकवाले हॉर्न मारत ओलांडून जात होते. त्या वेगाने युनिटला साडेनऊ किलोमीटरच्या वर पडले आणि गाडी सत्त्याण्णव किलोमीटर गेली. मी वहीत सत्त्याण्णवखाली दोन रेघा ओढल्या. तुमच्या शहरातल्या नोंदणी कार्यालयापर्यंतचं अंतर मी आधीच मोजलेलं होतं. चौऱ्याण्णव.

तुमच्या लग्नाला हे आदल्या दिवशी बसने गेले, कपड्यांची बॅग घेऊन. मला म्हणाले, "चल बरोबर, हट्ट नको." मी म्हटलं, मी गाडीने येणार, आणि तुम्ही दोघं कार्यालयाच्या पायऱ्या उतराल तेव्हा खाली माझी गाडी उभी असेल. मला तू ती गाडी बघायला हवी होतीस. लग्नाच्या दिवशी दुसऱ्या कुणाची आई असा विचार करणार नाही, पण मी केला.

सकाळी साडेसहाला निघाले. थंडी होती, थंडीत सेल आखडतात हे मला ठाऊक होतं. समोरून वारा होता, तोही ठाऊक होता. पंचावन्नाव्या किलोमीटरला पंपावर चार्जर दिसला, पण त्याची गन, म्हणजे जोडायचं टोक, माझ्या घरी बनवलेल्या गाडीला बसत नाही, हेही ठाऊक होतं. सगळं ठाऊक असूनच निघाले होते. सत्तरच्या पुढे चढ लागला आणि अठ्ठ्याहत्तरला गाडी थांबली. सेल फार खाली जाऊ न देणाऱ्या संरक्षणाच्या बोर्डाने वीज तोडली, तू म्हणाली होतीस तशी, एकट्या सतरा नंबरसाठी. दहा मिनिटं थांबले, परत चालू केली, दोनशे मीटर गेली. परत थांबली. मग मी जे केलं ते तुला सांगायला मला फार जड जातं आहे. मी बोर्डाला बगल देऊन सरळ तार जोडली. सेल मरू दे, पण गाडी पोचू दे, असं म्हणून. ती जेमतेम तीन किलोमीटर गेली आणि एका लॉन्ड्रीसमोर कायमची थांबली. तेव्हा सव्वानऊ वाजले होते. कार्यालय तेरा किलोमीटरवर होतं आणि वेळ साडेअकराची.

लॉन्ड्रीवाली माझ्या वयाचीच बाई. तिने मला सॉकेट दिलं, माझ्यासाठी एक इस्त्री बंद ठेवली. पण चार्जर सुरूच होईना. सतरा नंबर इतका खाली गेला होता की चार्जर त्याला ओळखच देत नव्हता. मी बॉनेट उघडून, गुडघे टेकून बसले, वायरी काढल्या, परत लावल्या. चांगले कपडे काळे झाले. तिने विचारलं, "एवढी घाई कसली आहे?" मी म्हटलं, "लग्न आहे." "कुणाचं?" "माझ्या मुलाचं." तिने हातातली इस्त्री उभी करून ठेवली. मग म्हणाली, "मग तुम्ही इथे काय करताय?"

तिच्याकडे कपडे पोचवायची व्हॅन होती. ती म्हणाली, "चला, वीस मिनिटांत सोडते. गाडी काही पळून जात नाही." पावणेअकरा झाले होते. मी हो म्हणायला तोंड उघडलं. आणि मला डोळ्यांसमोर दिसलं, की मी लॉन्ड्रीच्या व्हॅनमधून काळ्या हातांनी उतरते आहे आणि तू पायऱ्यांवर उभी आहेस. तू काहीच बोलणार नव्हतीस. तू तशी मुलगी नाहीस. तू फक्त मला रुमाल दिला असतास. तेच मला सोसलं नसतं.

मी तिला म्हटलं, नको.

पाचच मिनिटांत यांचा फोन आला, कुठे आहेस म्हणून. रस्त्यात अडकले म्हटलं असतं तर तुझा नवरा तसाच गाडी काढून आला असता. म्हणून मी म्हटलं, "बीपी वाढलंय, घरीच आहे, निघालेच नाही, असं सांगा." हे म्हणाले, "सांगतो. पण मला परत असं खोटं बोलायला लावू नकोस." तू मग स्वतः तीन वेळा फोन केलास. मी लोकांच्या नंबर लावलेल्या चादरींमध्ये एका खुर्चीवर बसले होते आणि फोन हातात वाजत होता. दुपारी टोइंगची गाडी आली. निरोप देताना लॉन्ड्रीवालीने हात धुवायला साबण पुढे केला.

लग्नानंतरच्या या आठ महिन्यांत तुम्ही दोनदा येऊन गेलात. तू सगळं व्यवस्थित करतेस. पथ्याचं विचारतेस, बीपीच्या गोळ्या संपल्या का विचारतेस, आणि नसलेल्या आजाराची उत्तरं मी देत राहते. गॅरेजकडे तू बघतसुद्धा नाहीस. मी मुद्दाम दार उघडं ठेवलं होतं, मागच्या खेपेला. तू जाता जाता ते हलकेच लोटून घेतलंस. तो बोल्ट शेवटी परवा निघाला. सतरा नंबर फुगून छोट्या उशीसारखा झालाय, आणि त्याने शेजारच्या दोघांनाही दाबून टाकलं आहे. दुसऱ्या कुणाकडून तो बदलून घ्यायचं माझ्या मनात नाही, पण आता ते महत्त्वाचं राहिलेलं नाही.

मागच्या मंगळवारी तू फोन केलास. हे बाहेर गेले होते, म्हणून मीच उचलला. इकडचं तिकडचं झाल्यावर तू अगदी साध्या आवाजात विचारलंस, "आई, एक विचारू? त्या दिवशी तुम्ही आला नाहीत, ते मी तुम्हाला पसंत नव्हते म्हणून का?" मी म्हटलं, "अगं, बीपी होतं." तू म्हणालीस, "बरं." आणि फोन ठेवलास. ते "बरं" मी सहा दिवस ऐकते आहे. म्हणून हे पत्र. मला बीपी नव्हतं. तू मला पसंत होतीस, गॅरेजमध्ये उभी राहून वही वाचायला लागलीस त्या क्षणापासून. तू बरोबर होतीस आणि मी चूक, एवढ्यासाठी मी तुमच्या लग्नाला आले नाही. तेरा किलोमीटर अलीकडे, हाताशी व्हॅन असताना, बसून राहिले. यातलं तुझ्या नवऱ्याला किती सांगायचं ते तू ठरव, मी सगळ्याला तयार आहे. रविवारी सकाळी नऊच्या बसने मी तुमच्याकडे येते आहे. हे माझ्याबरोबर नसतील, त्यांना मी सांगितलेलंही नाही. तुला घरी थांबावंसं वाटलं नाही, तर मी तासभर दाराशी बसेन आणि परतीची बस पकडेन. त्याबद्दल मनात काही ठेवणार नाही.

तुझीच,
आई