कारलं सोडणारे

शनिवार, रात्र

आज इथे काशीतल्याच माझ्या जुन्या शाळेत भाषण ठोकून आलो. आम्हा कॉलेजवाल्यांना विचारलं होतं, दहावीत असतानाचे तुम्ही आज समोर आलात तर स्वतःला काय सांगाल? मी म्हटलं, "क्रिकेट छोड़ दे, भाई! शौक बाद में." टाळ्याच टाळ्या. बोलायला माझं काय जातंय?

टाळ्या वाजवणाऱ्यांत माझी बहीण मुक्ताही होती. यंदा दहावीला आहे. घरी येऊन तिने घुंगरू आईच्या हातात दिले. "दादा म्हणतो म्हणून मी कथ्थक सोडतेय." आईने माझ्याकडे असं बघितलं, की...

तेवढ्यात बाबा घाटावरून यात्रेकरूंचे विधी आटोपून आले. सगळं ऐकून हसतच सुटले. काशीला आलं की आवडीचा एक पदार्थ कायमचा सोडायचा, ही आपल्या लोकांची रीत. "आणि यजमान सोडतात काय? कारलं!" बाबा म्हणाले. "तूही कारलंच सोडलंस. तुला क्रिकेटमध्ये घेत तरी होतं का कुणी?"

नव्हतं. नाल्यातला बॉल काढायला तेवढं बोलवायचे. पण हे मुक्तासमोर काढायची काय गरज होती?

"मग मी काय सोडू?" मुक्ताने विचारलं.

"दादाचं भाषण."

तिने घुंगरू परत घेतले. सुटलो!

जेवायला बसलो तर ताटात नेमकं कारलं. म्हटलं, "मी सोडलंय."

आई म्हणाली, "आधी आवडायला लागू दे, मग सोड."