अप्पांचा हसरा फोटो राहिला

२ डिसें.
चाकणच्या बंद पडलेल्या कारखान्यात शूटिंग चालूच. सिनेमा यादवी युद्धाचा. कोण कुणाविरुद्ध लढतंय ते दिग्दर्शकांनाही धड सांगता येत नाही. नायिका फोटोग्राफर. ती पडद्यावर जे फोटो काढते ते खरे मी काढते. लग्नाच्या फोटोंचा सीझन सोडून हे काम घेतलं. धुराने डोळे चुरचुरतात. रहाटणीला घरी पोचेपर्यंत पाठीचं लाकूड होतं.

नायिका मॅडम विचारत होत्या, कॅमेरा डोळ्याला लावल्यावर तुमच्या चेहऱ्यावर काय असतं? म्हटलं, काही नसतं. त्यांना पटलं नाही.

४ डिसें.
प्रेतं कमी पडली. माणसं पुरवणारा म्हणाला, "ताई, घरात कुणी असेल तर आणा. नुसतं झोपायचंय." अप्पा लगेच तयार. कंपनीतून रिटायर झाल्यापासून घरात कंटाळलेत. आई नको म्हणत होती. मागच्याच वर्षी त्यांच्या हृदयात स्टेन्ट टाकलाय.

अप्पा म्हणाले, "झोपायचंच हाय की. घरी बी तेच करतो मी."

५ डिसें.
अप्पांना भिंतीकडेला आडवं केलं. कपाळावर खोटं रक्त, एक चप्पल पायात, दुसरी लांब. फुटक्या पत्र्यातून उजेड नेमका तोंडावर. काढत गेले. इतका चांगला फोटो माझ्या हातून कधी झाला नव्हता, बटण दाबतानाच कळलं.

सिनेमात मेलेल्या माणसाचा शेवटी एक हसरा फोटो काढतात. रिवाजच आहे. अशुभ नको म्हणून. बाकी सगळ्यांचे मीच काढले. "हसा काका" म्हणायचं की झालं. अप्पांचा राहिला. उजेड गेला, जेवणाची सुट्टी झाली, मी पुढच्या तयारीला लागले.

मॅडम जवळ येऊन म्हणाल्या, "आज तुमचा चेहरा नीट पाहिला. मला तोच हवा होता." ते माझे वडील, हे त्यांना माहीत नव्हतं. सांगितलं नाही.

८ डिसें.
दिग्दर्शकांचा फोन. तोच फोटो पोस्टरला हवा. खाली माझं नाव. परवानगीवर वडिलांची सही आणा.

अप्पा खूश. "आपल्या गावाकडं, लातूरला बी लागंल का गं पोस्टर?"

आईने फोटो बघितला, मोबाइल पालथा ठेवला. "हसरा काढलास का?" अप्पांनीच सांगितलं असणार तिला.

"जित्या माणसाला असं निजवलंस, अन् उठवलं नाहीस."

१० डिसें.
आई बोलत नाही. डबा भरून ओट्यावर ठेवते, तेवढंच. दिग्दर्शकांचे मेसेज.

मला ते पोस्टर हवंय. इतकी वर्षं लोकांच्या हळदी काढल्या, एकाही फोटोखाली नाव नाही. पण त्या दिवशी समोर अप्पा आहेत हे मी विसरले होते. दमले आहे. यावर विचार करायचंही त्राण नाही.

११ डिसें.
सकाळी अप्पांना गॅलरीत बसवलं. "हसा अप्पा." दात दाखवले. सगळे फोटो आधार कार्डावरच्यासारखे.

"सांगून येत नाही बग हसू," म्हणाले. सोडून दिलं.

१३ डिसें.
सुट्टी. दुपारी जेवून अप्पा खुर्चीतच झोपले. मान कलंडलेली, एक चप्पल सुटलेली, खिडकीतला उजेड तोंडावर. माझा हात कॅमेऱ्याकडे गेला. गेलाच. आई दारात उभी राहून माझ्या हाताकडे बघत होती.

कॅमेरा खाली ठेवला. "अप्पा, उठा." उठेनात. खांदा हलवला. परत हलवला. मग डोळे उघडले. माझ्याकडे बघून म्हणाले, "काय झालं गं? तोंड कामून असं केलंस?" आणि हसायला लागले. पोट धरून.

फोटो काढला नाही. तिथेच उभी राहिले.

सहीचा कागद टेबलावर कोराच आहे. दिग्दर्शकांना उद्या सांगते म्हटलंय. आईने विचारलं, "चहा टाकू का?" मलाच विचारलं.